पटलप्रवेश द्रव्यमान वर्णपटमापन

पटलप्रवेश द्रव्यमान वर्णपटमापन ही पाण्यासारख्या द्रवात विरघळलेली बाष्पशील अपद्रव्ये अखंडपणे मोजण्याची पद्धत आहे. द्रव्यमान वर्णपटमापक, म्हणजेच मास स्पेक्ट्रोमीटर, निर्वातात चालतो. त्यात वाहते पाणी थेट सोडता येत नाही. ही अडचण पातळ पटलाने दूर होते.

कार्यपद्धती

पटल बहुधा सिलिकोन रबराचे असते. त्याच्या एका बाजूने द्रव वाहतो, दुसऱ्या बाजूस निर्वात असतो. क्लोरोफॉर्म, बेंझीन, टोल्यूईन यांसारखी संयुगे रबरात सहज विरघळतात, विसरणाने पलीकडे जातात व तेथे त्यांचे बाष्प होते. पाणी त्या मानाने फारच थोडे झिरपते. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने बाष्पाचे आयन बनतात आणि द्रव्यमान व विद्युतभार यांच्या गुणोत्तरानुसार वेगळे होतात. बेंझीनचा मुख्य आयन ७८ या गुणोत्तरावर दिसतो. पटल जितके पातळ, तितका प्रतिसाद लवकर मिळतो. तापमानानुसार झिरपण्याचा वेग बदलत असल्याने ते स्थिर राखावे लागते.

इतिहास

जॉर्ज होक व बेसेल कोक यांनी १९६३ मध्ये हे तंत्र मांडले. त्यांचा विषय प्रदूषण नव्हे, तर प्रकाशसंश्लेषण होता. द्रवात विरघळलेले वायू त्यांना मोजायचे होते.

पिण्याच्या पाण्यातील उपयोग व मर्यादा

क्लोरीनने पाणी निर्जंतुक करताना त्यातील सेंद्रिय द्रव्यांपासून क्लोरोफॉर्म व तत्सम संयुगे तयार होतात, हे १९७४ मध्ये उजेडात आले. बाटलीत भरलेला नमुना एकाच क्षणाची स्थिती सांगतो, शिवाय हाताळताना त्यातील बाष्पशील घटक उडून जाऊ शकतात. अखंड मापनात हे दोन्ही दोष टळतात.

मात्र येथे घटक आधी वेगळे केले जात नाहीत, आणि हीच पद्धतीची खरी कमजोरी आहे. क्लोरोफॉर्मचा प्रमुख आयन ८३ वर येतो. पाण्यात ब्रोमाइड असल्यास तयार होणाऱ्या ब्रोमोडायक्लोरोमीथेनचाही तोच. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा पहिल्यासाठी लिटरमागे ३०० मायक्रोग्रॅम, तर दुसऱ्यासाठी अवघी ६० आहे. त्यामुळे केवळ ८३ वरील संकेत पाहून पाणी सुरक्षित ठरवणे चुकीचे होईल. दुसऱ्या संयुगाचा १२७ वरील आयन ओळख पटवू शकतो, पण तो क्षीण असतो. आर्सेनिक किंवा फ्लोराइडचे क्षार पटलातून जातच नाहीत. त्यांच्यासाठी अन्य पद्धती वापराव्या लागतात.