नाडी मोजणाऱ्यांचे तास

आपल्याकडील वैद्य मनगटावर तीन बोटे टेकवून वाताची सर्पगती, पित्ताची मंडूकगती आणि कफाची हंसगती ओळखीत, परंतु ठोके मोजीत बसण्याचा सोस त्यांना नव्हता. तो जडला इंग्लंडातील लिचफिल्डच्या सर जॉन फ्लॉयर यांना, आणि बरोबर एक मिनिट चालून थांबणारे घड्याळ मुद्दाम घडवून घेऊन 1707 साली त्यांनी नाडीच्या गणनेवर ग्रंथच प्रसिद्ध केला. (गंडमाळ झालेल्या लहानग्या सॅम्युएल जॉन्सनला राणी अ‍ॅनचा हस्तस्पर्श घडवावा, हा सल्लाही याच महाशयांचा, घड्याळ आणि राजस्पर्श एकाच डोक्यात सुखाने नांदत होते!)

रोग्याचे ठोके असे हिशेबात आले. मोजणाऱ्याचे तास मात्र बेहिशेबी राहिले. ब्रिटिश इस्पितळातला शिकाऊ डॉक्टर ‘हाउसमन’ म्हणवला जाई, कारण आवारातच त्याचा बिछाना असे. आणि जेथे बिछाना तेथेच नोकरी, तेथे काम कोठे संपते व विश्रांती कोठे सुरू होते, हे ठरविण्याची निकड कोणत्याच दप्तराला भासली नाही. 1948 साली इस्पितळे राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या अंमलाखाली आली, तरी हा रिवाज टिकला. 1975 साली जादा कामाच्या मोबदल्यावरून या तरुणांनी प्रथमच देशव्यापी असहकार पुकारला.

खरी कसोटी लागली ती ख्रिस जॉनस्टन या डॉक्टरच्या फिर्यादीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलातील त्याच्या करारनाम्यात आठवड्याचे 40 तास काम आणि त्यावर सरासरी 48 तास ‘हजर’ राहणे, असे कलम होते. हजर म्हणजे काय? तर उशाशी ब्लीप, म्हणजे बोलावणे धाडणारा पेजर, ठेवून, बुटांच्या नाड्या न सोडता पडून राहणे, आणि तो वाजताच वॉर्डाकडे धावणे. स्वतःचा ताण व नैराश्य त्याला न्यायालयात शब्दांनीच मांडावे लागले, कारण ताणासाठी फ्लॉयरचे घड्याळ नव्हते. डॉक्टरने सही केली असली तरी त्याच्या प्रकृतीची काळजी मालकाला झटकता येत नाही, अशा आशयाने अपील न्यायालयाने बहुमताने दावा पुढे चालू दिला. 1991 साली सरकारने आठवड्याला 72 तासांची मर्यादा आखली.

झोपेचा प्रश्न मात्र लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात सुटला: इस्पितळात हजर असलेला डॉक्टर निजला तरी ते कामच, असा 2003 चा निकाल. 2009 पर्यंत कामाची साप्ताहिक सरासरी 48 तासांवर आली. 2024 च्या सप्टेंबरात या डॉक्टरांचे ‘ज्युनियर’ हे बिरुद जाऊन ‘रेसिडेंट’, म्हणजे निवासी, हे नाव आले. बिछाने तोवर आवारातून बहुतेक उठलेच होते.