नांगराची निशाणी आणि ‘मान्य आहे’चं बटण

श्रोतेहो, ‘तरुण मुलांची डिजिटल साक्षरता आणि ऑनलाइन सुरक्षितता’ असा विषय संयोजकांनी आमच्याकडे दिला. फोन कसा वापरावा हे आम्ही सांगण्यात अर्थ नाही. तुमच्या घरातली नववीतली मुलगी ते आमच्यापेक्षा बरं सांगेल. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि फावल्या वेळात इतिहास वाचला. तेव्हा आपण या विषयाकडे जरा मागून, इतिहासाच्या वाटेनं येऊ. साक्षरतेचा आपल्या प्रांतातला इतिहास पुस्तकवाचनापासून सुरू होतो असं आपण धरून चालतो. आमचं म्हणणं असं, की त्याचा मोठा भाग फसवणुकीपासून सुरू होतो.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातलं, आजच्या बारामती तालुक्यातलं गाव. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. लोण पुढे नगर जिल्ह्यापर्यंत पसरलं. आपण याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतो. आता यात लक्षात घेण्यासारखं काय आहे? जमावाला हवे होते कागद. कर्जाची खतं, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे. ते मिळवायचे आणि पेटवून द्यायचे. सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. ज्या वस्तूनं आपल्याला बांधलं आहे ती वस्तू कागद आहे, हे न वाचता येणाऱ्या त्या माणसांनी अचूक ओळखलं होतं.

हे कागद तयार कसे होत ते पाहू. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल तितकं कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले, वर सरकारनं फेरपाहणी करून सारा वाढवला. कर्ज अंगावर राहिलं. त्याआधी १८५९ साली मुदतीचा कायदा आला होता. नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, असा त्याचा अर्थ. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं चढत राहू नये. झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेऊ लागला. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज मिळून नवं मुद्दल. लिहिणारा दुसरा, वाचणारा दुसरा, आणि ज्याचं शेत त्यानं शेवटी फक्त खूण करायची. अंगठा उठवण्याची पद्धत पुढे रुळली. त्याआधीच्या कागदांवर कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असं लिहून नांगराचं छोटं चित्र काढलेलं दिसतं. आम्हाला हे चित्र फार बोलकं वाटतं. ज्या नांगरावर पोट, त्याचंच चित्र काढून जमीन गहाण.

आता तुमच्या ध्यानात आलंच असेल आम्ही कुठे निघालो आहोत ते. फोनवर एखादं नवं ॲप उतरवलं की एक लांबलचक मजकूर येतो आणि खाली ‘मान्य आहे’ असं बटण असतं. तो मजकूर आपल्यापैकी कोणी वाचला आहे? आम्हीही वाचत नाही. निशाणी करतो आणि पुढे जातो. पण ही तुलना इथेच सोडली तर ती चावडीवरच्या विनोदासारखी होईल. खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे.

पुढची गोष्ट जोतीराव फुल्यांची. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कमिटीनं ते स्वीकारलं नाही. छापून यायला १९७९ साल उजाडलं. त्यात एक जोशी गरोदर कुणब्याच्या बायकोला ग्रहांची भीती घालतो आणि त्या नवराबायकोला कर्जात बुडवेपर्यंत लुबाडतो. भीती घालायची, घाई करायची, आणि उपाय फक्त माझ्याकडेच आहे असं भासवायचं. परवा वर्तमानपत्रात ‘डिजिटल अटक’ हा प्रकार वाचताना आम्हाला तो जोशी आठवला. पोलिसाचा गणवेश घालून कुणी व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाचं पार्सल पकडलं म्हणतो, फोन बंद करू नका, कुणाला सांगू नका म्हणतो. नाटकाच्या शेवटी ते जोडपं जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं. म्हणजे इथे अक्षर शिकायचं ते पुन्हा कुणी फसवू नये म्हणून. नोकरीचा प्रश्न तिथे नाही.

आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं, त्यात खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी आहे. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. या यादीवरून आपली नजर घसरून जाते. जरा थांबा. मोडी आणि बालबोध, दोन्ही लिप्या त्यांनी नावानिशी मागितल्या आहेत. का? छापील पुस्तक बालबोधात, म्हणजे आजच्या देवनागरीत. पण व्यवहाराचा कागद, खत, पावती, वहीतला हिशेब हे सगळं मोडीत. ज्या पोराला फक्त बालबोध येते ते शाळेत पहिला नंबर काढेल आणि बापाच्या खतावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येणार नाही. जोतीरावांना ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून मोडीच्या शेजारीच हिशेबही आहे.

आता आपल्या काळाकडे या. १९८४ साली केंद्र सरकारनं ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढून काही निवडक शाळांत संगणक दिले. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं. महाराष्ट्रात २००१पासून एमएस-सीआयटी आली, गावोगाव केंद्रं निघाली, लाखो मुलं तिथून शिकून बाहेर पडली. २०१७ साली ग्रामीण भागासाठी केंद्राचं डिजिटल साक्षरता अभियान आलं, सहा कोटी कुटुंबांचं उद्दिष्ट ठेवून. कामं मोठी झाली, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण भर कशावर? यंत्र चालवण्यावर. फाइल उघडा, पत्र टाइप करा, तक्ता भरा, फॉर्म पाठवा. ही बालबोध झाली. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, आणि एका पिढीच्या हातात यंत्र आधी आलं, शाळा नंतर आली. त्या मुलांना बटणं शिकवावी लागत नाहीत. फोनची मोडी वेगळी आहे. ही चित्रफीत माझ्यासमोर का आली? हे फुकट आहे तर पैसे कोण भरतं? हा अनोळखी माणूस तीन आठवडे माझं कौतुक का करतोय? हे वाचायला कुठल्या तासाला शिकवतात?

हे वाचता न आल्याची किंमत आपल्या राज्यानं मोजलेली आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना, मुलं पळवणारी टोळी समजून, जमावानं ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. आधी कित्येक दिवस फोनवर तसे निरोप आणि चित्रफिती फिरत होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतली होती, आणि ती मुलांना जपा हे सांगण्यासाठीच बनवलेली होती. मोटारसायकलवरून मूल उचलल्याचा अभिनय, आणि शेवटी ते मूल परत आणून सोडून, लोकांनी सावध राहावं असा फलक. कुणीतरी तो शेवट कापला. सुरक्षिततेचा धडाच अफवा झाला! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती हवीच होती. पण पहिल्या पाचांनी काय करायचं हा प्रश्न उरतोच.

इथे आमच्या विषयातलं थोडं सांगू द्या. आपले नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, म्हणजे ऐकीव गोष्टीतूनही खरं ज्ञान होऊ शकतं. मात्र तो शब्द ‘आप्ता’चा हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हं. न्यायसूत्रांवर भाष्य करणारा वात्स्यायन सांगतो तो आप्त असा: ज्याला ती गोष्ट स्वतः नीट माहीत आहे, आणि जी जशी पाहिली तशीच सांगावी अशी ज्याची इच्छा आहे. आणि तो ऋषी असू शकतो, आर्य असू शकतो, म्लेच्छही असू शकतो. जातीकुळाचा संबंध नाही. दोनच प्रश्न. याला माहीत आहे का? याला खरं सांगायचं आहे का? आता गंमत पाहा, आपल्या ‘फॅमिली ग्रुप’वर येणारा निरोप आप्तांकडून येतो तो फक्त मराठी अर्थानं. काकांना खरं सांगायचं असतं, त्यात शंका नाही. पण काकांना माहीत नसतं. भामट्याला सगळं माहीत असतं, पण खरं सांगायचं नसतं. आठवीतल्या मुलांना हे दोन प्रश्न एका तासात समजतात.

परंतु एवढ्यानं भागत नाही, हेही इतिहासच सांगतो. दंग्यांनंतर आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आधी पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. सरकारनं असं म्हटलं नाही की शेतकऱ्यांनी आधी लिहायला शिकावं, मग बघू. खत नुसतं सहीचं आहे म्हणून न्यायाधीशानं मान्य करायचं नाही. व्यवहार मुळापासून उकलायचा. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली, त्याच्या साक्षीनं लिहिला गेला पाहिजे. दिलेल्या पैशाची पावती मागायचा, वर्षाचा हिशेब मागायचा हक्क. म्हणजे जबाबदारी दुबळ्या बाजूवर टाकली नाही, ती बळकट बाजूकडे नेली. सावकारांनी वाट काढलीच. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. तरी दिशा बरोबर होती असं आमचं मत आहे. आपला २०२३चा व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो. तो कसा राबवला जाईल ते दिसेल. जन्मसाल खोटं टाकण्याची नवी खरेदीखतं मुलांनी आधीच शोधलेली आहेत.

आणि आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते. एखाद्या मुलीचा, किंवा मुलाचाही, फोटो कुणाच्या हाती लागतो. खरा असेल, नाहीतर जोडून बनवलेला असेल. धमकी येते, पैसे दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो. ते मूल घरी सांगत नाही. का सांगत नाही? कारण सांगितलं तर पहिली गोष्ट फोन जाईल, दुसरी गोष्ट बोलणी बसतील, आणि मुलगी असेल तर तिसरी गोष्ट कॉलेज जाईल. भामट्याचं खरं हत्यार तो फोटो नाहीच. घरच्यांचं भय हे त्याचं हत्यार आहे, आणि ते त्याला आपण पुरवतो. एकोणिसाव्या शतकात मुलींच्या शाळांवर एक आक्षेप असा घेतला जाई की बाई लिहायला शिकली तर परपुरुषाला पत्रं धाडेल. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्यांनी यावर उपाय म्हणून पाटी काढून घेतली नाही. शाळेतून आज फोनबंदीचे फतवे निघतात, घरात रागानं फोन आपटले जातात, तेव्हा आम्हाला तो आक्षेप नव्या कपड्यात आलेला दिसतो. लहान मुलाच्या हाती रात्रभर फोन द्यावा असं आम्ही म्हणत नाही. बंधन घालणं निराळं आणि शिक्षा म्हणून काढून घेणं निराळं. पहिल्यात मूल आपल्याजवळ राहतं, दुसऱ्यात ते पुढच्या वेळी गप्प बसतं.

तर सुप्यातल्या कुणब्याला जो निबंधक हवा होता, तसा कुणीतरी शेजारी बसून कागद पाहणारा मुलाला हवा असतो. तो आई असेल, मामा असेल, शाळेतल्या एखाद्या बाई असतील. शाळांनी हे आधी ठरवून जाहीर करावं: काहीही झालं तर या बाईंकडे या, ओरडा बसणार नाही. मग पुराव्याचे स्क्रीनशॉट ठेवायचे, पैसे पाठवायचे नाहीत, समोरच्याशी बोलणं थांबवायचं. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी ते अडवण्याची शक्यता जास्त. मूल संकटात असेल तर १०९८. हे दोन क्रमांक वर्गाच्या भिंतीवर, पाढ्यांच्या तक्त्याशेजारी लागायला काय हरकत आहे?

आमची घड्याळाशी फारशी मैत्री नाही, संयोजक मघापासून खूण करताहेत. प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. मागे बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी आधी विचारावं, मोठ्यांनी नंतर.