पेटीचा डावा हात

पोलादपूरच्या डोंगरांतील कुडपणासारख्या गावी भजनाला पेटी उघडली, की वाजविणाऱ्याचा डावा हात भात्यावर जातो. स्वरांसाठी एकटा उजवाच उरतो. असे का, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

पॅरिसच्या दबॅ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. तिचा भाता पायांनी चाले. पट्ट्यांचे दोन भाग करून प्रत्येकास निराळे स्टॉप दिलेले असत; त्यामुळे डाव्या हाताचा आवाज एक, तर उजव्याचा दुसरा ठेवता येई. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजविण्याजोगी हातपेटी घडविली. बैठक साधली, पण डावा हात भात्याला गेला आणि ती विभागणी निरुपयोगी ठरली. आवाजांचे थर मात्र टिकले. खर्ज व नर सूर एकाच पट्टीखाली एकत्र बोलतात; कपलरच्या पेटीत तर एक पट्टी दाबताच सप्तकापलीकडची दुसरीही दबते.

आज संगणकावर ‘स्प्लिट’ आणि ‘लेयर’ जुळविताना आपण हेच करतो. कोणत्या पट्टीपासून आवाज बदलावा आणि कोणते आवाज एकत्र यावेत, हे ठरवितो. भाता गेल्यामुळे डावा हात पुन्हा मोकळा झाला आहे. त्याने पाश्चात्य स्वरमेळ वाजवावा की षड्ज-पंचमाचा आधार धरावा, हे यंत्राने नव्हे, आपणच ठरवावयाचे आहे.