खळ धुतली, पुढे काय?

शीळफाट्यावरून कल्याणच्या रस्त्याला लागले की डोंबिवलीची औद्योगिक वसाहत येते. येथे रसायनांच्या कारखान्यांबरोबर कापड धुणारे, रंगवणारे कारखानेही आहेत. खाडीपलीकडे भिवंडीत यंत्रमाग चालतात. मुंबईतील 1982 च्या गिरणी संपानंतर त्यांचे महत्त्व आणखी वाढले. विणणे आणि रंगवणे या दोन्ही कामांना जोडणारा, पण तयार कापडात न उरणारा पदार्थ म्हणजे खळ.

मागावर ताण्याचा धागा घासून तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. ती स्टार्चची असेल तर विणल्यानंतर विकरांनी तोडून धुवावी लागते. नाहीतर रंग नीट बसत नाही. हे धुवण पाण्यात सोडले की सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातील प्राणवायू संपवतात. मासे गुदमरतात.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली, जर्मनीत एक वेगळा पदार्थ तयार झाला. सेल्युलोजवर कॉस्टिक सोडा व मोनोक्लोरोअॅसेटिक आम्ल यांची क्रिया केली की सोडियम कार्बोक्सिमेथिल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी, मिळते. कापूस पाण्यात विरघळत नाही. सीएमसी विरघळते, कारण नव्याने जोडलेले गट सेल्युलोजच्या साखळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाहीत. साबणचुरा, तेलविहिरी खोदतानाचा चिखल, आइस्क्रीम आणि कापडाची खळ यांत ते शिरले. कापडावरून ते नुसत्या गरम पाण्याने निघते.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही ते सरस वाटले. ब्रिटनच्या शाही आयोगाने 1912 साली रूढ केलेल्या पाच दिवसांच्या चाचणीत (बीओडी) स्टार्च आपल्या वजनाच्या सुमारे निम्मा प्राणवायू खातो. सीएमसी जेमतेम 3 टक्के. पण याचा अर्थ काय? जे गट सीएमसीला विद्राव्य करतात, तेच सूक्ष्मजीवांच्या विकरांना अडवतात. पदार्थ पाण्यातून गेलेला नसतो. तो सावकाश कुजतो. रासायनिक चाचणीत (सीओडी) तो लगेच उघड होतो. म्हणूनच आपल्याकडे नदीत सोडायच्या सांडपाण्याला दोन्ही मर्यादा आहेत: 27 अंशांवर तीन दिवसांचा बीओडी 30, तर सीओडी 250 मिलिग्रॅम प्रतिलिटर.

वर्गात कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा उकळून ते पाणी थंड करावे व त्यात आयोडीनचे थेंब टाकावेत. निळा रंग आला तर स्टार्च आहे. रंग आला नाही, तर पाण्यात काहीच नाही असे म्हणता येईल का, हे विद्यार्थ्यांना विचारावे.