रॉकर आर्म (डिझेल इंजिन)

रॉकर आर्म ही अंतर्ज्वलन इंजिनातील झडपा उघडणारी लहान तरफ आहे. कॅमशाफ्टची गती तिच्यामार्फत झडपेपर्यंत पोहोचते. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील डिझेल पिकअप वाहनांच्या गॅरेजमध्ये झिजलेले रॉकर बदलणे हे परिचित काम आहे. ही झीज बहुधा वंगण अपुरे पडल्यामुळे होते. त्यामुळे वंगणाचा मार्ग न तपासता केवळ नवे रॉकर बसवल्यास तेही लवकर झिजतात.

रचना व कार्य

पुशरॉड असलेल्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्ये असतो. कॅमच्या उंचवट्याने पुशरॉड वर उचलला जातो, रॉकरचे एक टोक वर जाते आणि दुसरे टोक झडप खाली दाबते. सर्व रॉकर एका पोकळ शाफ्टवर बसवलेले असतात. शाफ्टच्या छिद्रांतून त्यांना तेल मिळते. रॉकर व झडप यांतील बारीक फट स्क्रू आणि लॉकनटने ठरवतात. या कामाला गॅरेजमध्ये 'टॅपेट सेटिंग' म्हणतात. हायड्रॉलिक पद्धतीच्या इंजिनांत ही फट आपोआप राखली जाते.

महिंद्रा कंपनीच्या जीप वर्गातील वाहनांत वापरलेले, प्यूजोच्या परवान्याखाली बनलेले एक्सडीपी ४.९० हे २,११२ घनसेंमीचे इंजिन पुशरॉड पद्धतीचे होते. त्याच्या नावातील ४ हा आकडा सिलिंडरांची संख्या, तर ९० हा सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवतो. बोलेरो पिकअपमध्ये अनेक वर्षे वापरात असलेले २,५२३ घनसेंमीचे चार सिलिंडरी इंजिनही पुशरॉडचेच आहे.

झिजेची कारणे

रॉकर शाफ्ट तेलाच्या मार्गाच्या जवळजवळ शेवटी असतो. त्यामुळे तेलाचा दाब कमी झाल्यास त्याची झळ प्रथम येथे लागते. कल्याण-शीळ रस्ता किंवा घोडबंदर रस्त्यावरील कोंडीत तापलेले इंजिन दीर्घकाळ मंद गतीने चालते, तेव्हा तेलाचा दाब सर्वांत कमी असतो. राष्ट्रीय महामार्ग ६१ वरून माळशेज घाट चढताना जड भारामुळे तेल तापून पातळ होते. तेल वेळेवर न बदलल्यास डिझेलच्या काजळीचा गाळ शाफ्टची छिद्रे बुजवतो.

लक्षणे

इंजिनाच्या वरच्या भागातून लयबद्ध टकटक ऐकू येते. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने हा आवाजही निम्म्या लयीत येतो. फट वाढल्यास झडप उशिरा व कमी उघडते, सिलिंडरला हवा अपुरी मिळते, ओढ कमी होते आणि काळा धूर येतो.

स्क्रू आवळून आवाज तात्पुरता थांबवता येतो. परंतु फट नाहीशी झाली तर झडप नीट बंद होत नाही आणि जळते. झिजलेल्या रॉकरवर खळगा पडलेला असल्यास फीलर गेजची सपाट पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी टेकते. त्यामुळे फट प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. अशा रॉकरवर केलेली टॅपेट सेटिंग विश्वसनीय नसते.

बदलण्याची पद्धत

इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची तार काढून टॅपेट कव्हर उघडतात. काही झडपांच्या स्प्रिंग दाबलेल्या असतात. म्हणून प्रथम स्क्रू सैल करून रॉकर शाफ्टचे बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीने सोडवतात. एकच बोल्ट एकदम काढल्यास शाफ्ट वाकू शकतो. पुशरॉड काढताना ते किंचित फिरवतात, म्हणजे खालचा कॅम फॉलोअर तेलाच्या चिकटपणाने वर ओढला जात नाही. प्रत्येक पुशरॉड पुन्हा त्याच जागी बसवायचा असल्याने ते क्रमाने ठेवतात. वाकलेला पुशरॉड सपाट काचेवर घरंगळवल्यास ओळखता येतो.

शाफ्टवर नखाला जाणवणारा खाचा असल्यास शाफ्टही बदलावा लागतो. जुन्या शाफ्टवर नव्या रॉकरचे बुश टिकत नाहीत. छिद्रे व तेलमार्ग साफ करून शाफ्ट मूळ दिशेनेच बसवतात. तो उलटा बसल्यास रॉकरना पुरेसे तेल मिळत नाही. भागांना स्वच्छ तेल लावून बोल्ट उत्पादकाने दिलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळतात.

फट जुळवणी व पडताळणी

चार सिलिंडरी इंजिनात १-३-४-२ हा ज्वलनक्रम असल्यास १ व ४ आणि २ व ३ अशा जोड्या लावतात. चौथ्या सिलिंडरची एक झडप मिटत व दुसरी उघडत असताना पहिल्याच्या दोन्ही झडपा बंद असतात; त्या वेळी पहिल्याची फट जुळवतात. इतर सिलिंडरांनाही हाच नियम लागू होतो. फटीचे माप आणि ते थंड की गरम इंजिनावर घ्यायचे, हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे ठरते.

अखेरीस इंधनपुरवठा बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे फिरवतात व तेलाचा दाब तयार करतात. नंतर इंजिन मंद गतीने चालवून प्रत्येक रॉकरपाशी तेल येते का, ते पाहतात. एखादा रॉकर कोरडा राहिल्यास कव्हर बसवण्यापूर्वी तेलपंप, गाळणी व तेलमार्ग तपासणे आवश्यक असते. कल्याणच्या बाजार समितीत किंवा भिवंडीच्या गोदामांत रोजच्या भाड्यावर चालणाऱ्या पिकअपचा मालक अनेकदा स्वतःच चालक असतो. तेच काम पुन्हा करावे लागल्यास दुरुस्तीच्या दुहेरी खर्चाबरोबर त्याची त्या दिवसांची कमाईही बुडते.