माप कुणाचं?

देवबाग म्हणजे मालवण तालुक्यातली एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि दक्षिणेच्या टोकाला दोघांचा संगम. माडांच्या सावलीतल्या इथल्या घरांत आता पुठ्ठ्याची चपटी खोकी येऊ लागली आहेत. खोक्यात फळ्या, स्क्रूंची पिशवी, एक वाकडी चावी आणि नुसत्या चित्रांचा एक कागद. घरच्यांनीच जोडायचं आणि मुलाच्या खोलीत उभं करायचं. पण खोकं ज्या खोलीसाठी तयार झालं ती खोली आणि इथली खोली एक नसते. मग फळी कापावी लागते, पाय उंच करावे लागतात, सुताराला बोलवावं लागतं. या खटाटोपामागे दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

मुळात मुलाची वेगळी खोली ही गोष्टच आपल्याकडे नवी. कोकणातल्या जुन्या घराला पडवी होती, ओटी होती, माजघर होतं, बाळंतिणीची खोलीसुद्धा होती. मुलाची खोली नव्हती. मूल आजीच्या कुशीत झोपायचं. पण खोली नसली तरी त्याच्या मापाच्या वस्तू होत्या. पाळणा होता, पांगुळगाडा होता, जेवायला बसायचा छोटा पाट होता. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी खेळणी तर सगळ्यांना ठाऊक आहेत. या वस्तू करताना सुताराच्या डोळ्यांसमोर मूल असे.

सुटे भाग जोडून वस्तू उभी करणं हेही नवं नाही. पाळण्याच्या दांड्या आणि कड्या सोडवून तो माळ्यावर ठेवला जाई आणि पुढचं बाळ जन्मलं की त्या घरी पोचे. आमच्या मुसलमान घरांत मुलाच्या वाट्याला येणारी पहिली घडीची वस्तू म्हणजे रेहल, कुराण ठेवून वाचायची लाकडी बैठक. एकाच फळीतून ती अशी कोरतात की दोन पानं एकमेकांत अडकून राहतात. खिळा नाही, सरस नाही. उघडली की मांडीशी बसलेल्या मुलाच्या नजरेच्या उंचीला येते, मिटली की पुन्हा फळी होते.

युरोपात हीच युक्ती कारखान्यात गेली. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांनी १८५९ साली वाफेवर वाकवलेल्या लाकडाची १४ क्रमांकाची खुर्ची काढली. तिचे लाकडी तुकडे फक्त सहा. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत आणि जहाजानं जगभर जात. स्वीडनमध्ये १९४३ साली स्थापन झालेल्या आयकिया कंपनीनं १९५६ च्या सुमारास हाच मार्ग धरला. मोटारीत टेबल मावेना म्हणून त्याचे पाय काढले, त्यातून ही कल्पना रुजली, असं सांगितलं जातं. या कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला उघडलं आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत. देशी कंपन्यांची खोकीही आता गावोगाव पोचतात. माल स्वस्त झाला, वाहतूक सोपी झाली. मात्र एक बदल चटकन लक्षात येत नाही. वस्तूचं माप आता खोक्यावरून आणि मालमोटारीवरून ठरू लागलं.

मुलाच्या मापाचा विचार याच काळात दुसऱ्या वाटेनं चालला होता. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केलं. तिथं टेबलं आणि खुर्च्या मुलांना स्वतः उचलून नेता येतील इतक्या हलक्या होत्या, कपाटं त्यांच्या हाताला येतील इतकी बुटकी होती. हा विचार महाराष्ट्रात रुजवला तो ताराबाई मोडकांनी. गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथंच त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. माँटेसरीचं साहित्य महाग, खेड्याला न परवडणारं. या दोघींनी त्याच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आणले. तत्त्व परक्या देशाचं, वस्तू गावची आणि माप समोरच्या मुलाचं. खोक्यातली फळी आपल्या खोलीत बसवताना मला हाच धडा उपयोगी वाटतो.

आता देवबागला येऊ. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि किनाऱ्यावरच्या घरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. हंगामात घरची चांगली खोली पाहुण्याला जाते आणि मुलाचा अभ्यास कोपऱ्यात सरकतो. सुटं करून हलवता येणारं फर्निचर अशा घराला सोयीचं वाटलं तर नवल नाही. अडचण फळीची आहे. ही फळी बहुधा लाकडाचा चुरा राळेत दाबून केलेली असते. खारी दमट हवा आणि पावसाळ्यातली ओल तिच्या कडांतून आत शिरते आणि ती फुगते. तिच्यात पिळलेला स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळासारखं पाणी घरात आलं, तर सागाची पेटी वाळवून पुन्हा वापरता येते. ही फळी येत नाही.

म्हणून बदल करायचा तो समजून. कपाट जमिनीपासून दोन-तीन इंच उचलायचं, खाली फणसाच्या लाकडाचे ठोकळे द्यायचे. कापलेली प्रत्येक कड रंगानं किंवा पट्टीनं बंद करायची. मागचा पातळ पुठ्ठा काढून तिथं पाण्याला टिकणारा प्लाय लावायचा. आयएस ७१० दर्जाचा प्लाय त्यासाठीच असतो. वारंवार सोडवायचा सांधा असेल तिथं स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घालायचा. टेबल मुलाला उंच पडतं म्हणून घाईनं पाय कापू नयेत. कापलेला पाय मुलाबरोबर वाढत नाही. खुर्चीवर उशी ठेवून मूल उंच करावं आणि लोंबकळणाऱ्या पावलांखाली घरातला जुना पाट सरकवावा.

सगळ्यात मोठी गोष्ट भिंतीची. लहान मूल खणाच्या कपाटाला शिडी समजतं. खण उघडून त्यावर पाय देतं आणि कपाट त्याच्या अंगावर येतं. मुलं दगावल्यानंतर आयकियानं जून २०१६ मध्ये अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली. तिथं २०२२ साली कपाटं कलंडू नयेत यासाठी कायदा झाला. कपाट भिंतीला बांधायची पट्टी अनेक खोक्यांत असते. पण जांभ्या चिऱ्याची भिंत सच्छिद्र, तिच्यात छोटा स्क्रू धरत नाही. अशा वेळी भिंतीवर आधी लाकडाची लांब पट्टी चार-पाच ठिकाणी पक्की करावी आणि कपाट त्या पट्टीला बांधावं. एवढं काम सुताराला तासाभराचं आहे. ते उद्यावर टाकू नये.

स्वस्त वस्तू घेण्यात कमीपणा नाही. सगळ्यांना साग परवडत नाही आणि मुलाला स्वतःचं टेबल मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र खोकं उघडल्यावर चित्रांच्या कागदाआधी मुलाकडे पाहावं. त्याचा हात कुठवर पोचतो, पाय कुठं टेकतो, ते कुठं चढू शकतं, हे त्या कागदावर नसतं. भुशाची फळी पाळण्यासारखी पुढच्या बाळाकडे जाणार नाही. तिच्याखालचे फणसाचे ठोकळे आणि भिंतीवरची लाकडी पट्टी मात्र जातील.