सहाच्या पटीत दडलेला रुपया

बांको नासियोनाल उल्त्रामारिनो, म्हणजे १८६४ मध्ये लिस्बनला स्थापन झालेली आणि पोर्तुगीज वसाहतींसाठी चलन काढणारी बँक, हिने २ जानेवारी १९५९ या तारखेच्या ज्या नोटा गोव्यासाठी काढल्या, त्यांवर १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द आल्बुकर्कचे चित्र आहे. परंतु त्या नोटांचे खरे कोडे चित्रात नसून आकड्यांत आहे. त्या ३०, ६०, १००, ३००, ६०० आणि १००० एस्कुदोंच्या आहेत. खुद्द पोर्तुगालात २०, ५०, १०० आणि ५०० या नोटा रूढ असताना गोव्याच्या वाट्याला तीस आणि साठ का आले?

पूर्वपीठिका थोडक्यात अशी की, १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचा रुपया, म्हणजे ‘रुपिया’, ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाच्या बरोबरीचा ठरून कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडला गेला आणि त्याचे, आण्यांप्रमाणेच, सोळा तांगे झाले. पाँडिचेरीतही फ्रेंचांना रुपया मोडता आला नाही. तेथील बँक द लँदोशीनच्या ५० च्या नोटेवर फ्रेंच गव्हर्नर दुप्लेक्सचे चित्र असले, तरी किंमत रुपयांतच छापलेली होती. गोव्यात मात्र १९५८-५९ मध्ये रुपिया रद्द होऊन एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर ठरला.

त्या दराने भागले की कोडे उलगडते: ३० म्हणजे ५ रुपये, ६० म्हणजे १०, ३०० म्हणजे ५० आणि ६०० म्हणजे १००. नाण्यांचा पुरावा याहून बोलका आहे. १ एप्रिल १९५७ पासून भारतभर नवे पैसे सुरू झाले होते, आणि गोव्याच्या नव्या नाण्यांतील ३० सेंताव्हो (एस्कुदोचे शंभर भाग म्हणजे सेंताव्हो) बरोबर ५ नव्या पैशांचे, ६० सेंताव्हो १० पैशांचे, तर ३ एस्कुदो ५० पैशांचे भरतात. ज्या भारताशी लिस्बनचे हाडवैर होते, त्याच्याच दशमान हिशोबाचा साचा त्याने मुकाट्याने उचलला, असे म्हणावे लागते.

यावर दोन आक्षेप संभवतात. जुन्या हिशोबात एका तांग्याचे साठ रेइस होत, तेव्हा साठाचा आकडा तेथूनच आला, हा पहिला. पण तांगा रुपियाचा सोळावा भाग आणि ६० सेंताव्हो दहावा, म्हणजे आकडा तोच असला तरी मोल वेगळे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: तेव्हा डॉलरला २८.७५ एस्कुदो आणि ४.७६ रुपये पडत, म्हणून एका रुपयाचे ६.०४ एस्कुदो होत आणि सहाचा दर केवळ विनिमयातून निघतो. हे मान्य करायलाच हवे. मात्र त्याने दर कसा ठरला एवढेच कळते, दर्शनी किमती त्या दराच्या पटीत का ठेवल्या हे कळत नाही. दर सहाचा ठेवूनही २०, ५० आणि ५०० च्या नोटा छापता आल्या असत्या.

या मालिकेत रुपयात नीट न बसणाऱ्या नोटा दोनच, १०० आणि १००० एस्कुदोंच्या, आणि नेमक्या त्याच पोर्तुगालात चालणाऱ्या किमतींच्या आहेत. त्यावरून असा निष्कर्ष निघतो की सहांपैकी दोन नोटा लिस्बनच्या अभिमानासाठी छापल्या गेल्या, आणि उरलेल्या चार त्या गिऱ्हाइकासाठी, जे एस्कुदो हातात घेऊनही मनात रुपयेच मोजणार होते.